मुलांना घेऊन हिवाळ्यात आइसलँड: तारखेपासून हातमोज्यांपर्यंत

हिवाळी आइसलँडच्या सहलीचे बहुतेक आराखडे मोठ्यांच्या हौसेवर उभे असतात. सात दिवसांत बेटाची पूर्ण प्रदक्षिणा, रोज तीनशे किलोमीटर, रोज नवं हॉटेल. सोबत पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर हा आराखडा दुसऱ्या दिवशीच कोलमडतो. त्या देशातला हिवाळ्याचा दिवस तीन गोष्टींवर ठरतो: उजेड किती तास आहे, वारा किती आहे आणि रस्ता उघडा आहे की नाही. मुलाचा दिवस ठरतो झोप, भूक आणि ओल्या मोज्यांवर. या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर एकच मांडणी मला पटते: मुक्काम शक्यतो एका जागी, उजेडात एकच मोठी गोष्ट आणि संध्याकाळी गरम पाण्याचा तलाव. पुढचं सगळं नियोजन याच मांडणीभोवती आहे.

आधी तारीख: दिवाळी, नाताळ की फेब्रुवारी

रेक्याविक हे राजधानीचं शहर ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला तिथे सूर्य सकाळी सव्वाअकराच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. त्याच्या आधी आणि नंतर बराच वेळ निळसर संधिप्रकाश असतो, त्यामुळे हातात प्रत्यक्षात साधारण साडेदहा ते साडेचार एवढा उजेड येतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे गणित आधीच मनाशी पक्कं करावं.

ज्यांच्या मुलांना दिवाळीची मोठी सुट्टी असते, त्यांनी तिचा जरूर विचार करावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सुमारे आठ तास दिवस असतो, थंडी सोसण्याइतकी असते, नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशात हलणाऱ्या हिरवट प्रकाशपट्ट्यांसाठी, रात्रही पुरेशी काळी झालेली असते. बर्फ मात्र मिळेलच असं नाही. लंडन-म्युनिककडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी फेब्रुवारीतली शाळेची सुट्टी उत्तम. महिन्याच्या मध्याला सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहापर्यंत सूर्य असतो आणि बर्फाची शक्यताही चांगली असते. नाताळ निवडावा तो नाताळाच्याच गमतीसाठी. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

थंडीची भीती मात्र अनेकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. उबदार सागरी प्रवाहामुळे रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. मनालीचा जानेवारी बघितलेल्या मुलाला हा आकडा नवा नाही. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि आडव्या येणाऱ्या पावसाचा. छत्री नेऊच नका.

व्हिसा आणि विमान

आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेन या सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निर्णयाला पंधरा दिवस लागतात, पण सुट्ट्यांच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून किमान अडीच-तीन महिने आधी कामाला लागा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना काही नाही. व्हिसा-अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलाच्या फाइलमध्ये जन्मदाखला, दोन्ही पालकांच्या सह्या आणि शाळेचं पत्र ठेवा. आई किंवा बाबा एकटेच नेत असतील तर दुसऱ्याचं लेखी संमतिपत्र हवंच. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा असावा लागतो.

भारतातून थेट विमान नाही. कोपनहेगन, हेलसिंकी, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम असं शेंगेनमधलंच एखादं शहर बदलासाठी घ्या. लंडनमार्गे तिकीट कधीकधी स्वस्त दिसतं, पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो आणि हातातला शेंगेन व्हिसा तिथे उपयोगी पडत नाही. मधल्या शहरात मुलासाठी निदान तीन तासांची सवड ठेवा. हिवाळ्यात विमानं उशिरा येतात.

घड्याळात आपण आइसलँडच्या साडेपाच तास पुढे असतो. मुंबई-पुण्याहून गेलेलं मूल तिथे पहिल्या दोन-तीन पहाटे तीन-चारलाच टक्क जागं होतं आणि संध्याकाळी सहाला पेंगायला लागतं. हे बदलण्यात शक्ती घालवू नका. मूल ज्या वेळी जागं आहे ती वेळही काळोखाचीच आहे, आणि ती कामी कशी आणायची ते नॉर्दर्न लाइट्सच्या भागात सांगते.

मुक्काम

रेक्याविकमध्ये स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या. शहराच्या मध्यात असेल तर मुलाला चालत तळ्यावर, चर्चपाशी, तलावावर नेता येतं. घर ठरवताना मी दोनच गोष्टी आवर्जून बघते: खोलीत रेडिएटर आहे का, आणि ओले कपडे टांगायला जागा आहे का. रोज संध्याकाळी हातमोजे, टोपी, बुटांचे आतले तळवे रेडिएटरवर वाळले नाहीत तर दुसरा दिवस ओल्या बोटांनी सुरू होतो.

एक गोष्ट पालकांनी पहिल्याच दिवशी करावी. गरम पाण्याचा नळ आधी स्वतः तपासावा. तिथलं गरम पाणी बहुतेक ठिकाणी थेट भूगर्भातल्या उष्णतेवर तापलेलं असतं, चांगलंच भाजेल इतकं गरम येऊ शकतं आणि त्याला गंधकाचा वास असतो. लहान मुलाला नळाशी एकटं सोडू नका. थंड नळाचं पाणी मात्र उत्तम पिण्याचं असतं. बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

सहा रात्री असतील तर चार रेक्याविकमध्ये आणि दोन दक्षिण किनाऱ्यावर, व्होल्सवोट्लुर किंवा व्हिक गावाच्या आसपास. योकुल्सार्लोन हे हिमनगांचं सरोवर रेक्याविकपासून एका बाजूनं सुमारे ३७० किलोमीटर आहे, हवा चांगली असताना पाच तास. एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली मिळतात. मुलांसाठी त्या घेऊ नका. आठ-नऊ रात्री हाताशी असतील तरच तिकडे जावं आणि राहावं.

कपडे: तीन थर आणि एक नियम

नियम असा की अंगाला लागून सुती काही नको. सुती बनियन घामानं ओलं होतं, लवकर वाळत नाही आणि मूल आतून गारठतं. सगळ्यात आत लोकरीचं किंवा चांगल्या सिंथेटिकचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यात बाहेर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट व पँट. लहानांसाठी अंगभर एकच स्नोसूट सोयीचा, पण शौचालयात तो पूर्ण उतरवावा लागतो. सात-आठ वर्षांपुढे दोन तुकडे बरे.

बोटांचे हातमोजे नकोत, मुठीचे हवेत. चारही बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आतून पातळ लोकरीचा, बाहेरून पाणी न शिरणारा, असे दोन जोड घ्या आणि तिसरा जोड पिशवीत राहू द्या, कारण एक हरवतोच. बूट अर्धा-एक नंबर मोठे घ्यावेत. आत जाड लोकरी मोजा घातल्यावर अंगठा हलला पाहिजे. बोटं आवळली की रक्त नीट फिरत नाही आणि कितीही महागडा बूट असला तरी पाय गार पडतो. मफलरपेक्षा गळ्यात सरकवायची गोल पट्टी चांगली, ती सुटत नाही आणि कुठे अडकत नाही. बुटावर चढवायचे रबरी काटे आई-बाबांसाठी अत्यावश्यक आहेत. मूल घसरलं तर खिदळत उठतं; त्याचा हात धरलेला मोठा माणूस घसरला तर दोघंही पडतात.

कपडे चढवण्याचा क्रम ठरवून घ्या: थर्मल, मोजे, शौचालय, फ्लीस, पँट, बूट, टोपी, जाकीट आणि दाराशी पोचल्यावर हातमोजे. शौचालय तिसऱ्या क्रमांकावर आहे, ते तिथेच ठेवा. थंडी वाजतेय का हे मुलाला विचारून नीट कळत नाही. मानेच्या मागे हात घालून बघा. तिथे गार लागलं तर आत जायची वेळ झाली. बडबड करणारं मूल अचानक गप्प झालं, तरीही आत जायची वेळ झाली.

गाडीत बसवताना फुगीर जाकीट काढायचं आणि मगच पट्टा लावायचा. जाकिटावरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. जाकीट वरून पांघरायला द्यावं. आणखी एक छोटी वस्तू: तिथली शाळकरी मुलं जाकिटाला अंधारात चमकणारा बिल्ला लटकवतात. दुकानातून पहिल्या दिवशीच एक घेऊन टाका.

गाडी की बस

बर्फावर कधी गाडी चालवली नसेल तर डिसेंबरमध्ये मूल मागे बसवून शिकायला सुरुवात करू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, अंधार असतो, रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर असतो आणि वारा गाडीला बाजूला ढकलतो. लहान गटाच्या मिनीबस रेक्याविकमधून रोज निघतात. बुकिंग करताना मुलाचं वय आणि उंची कळवून योग्य आसन मागा. १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिथे कायद्यानंच बाल-आसन लागतं.

सराव असलेल्यांनी फोर-व्हील गाडी आणि खिळ्यांचे टायर घ्यावेत. हे टायर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात चालतात. निघण्याआधी तीन ठिकाणी बघायचं: हवामान खात्याचं ‘वेदुर’ हे संकेतस्थळ, रस्त्यांची स्थिती दाखवणारं ‘उमफेर्दिन’ आणि सुरक्षिततेच्या सूचनांसाठी ‘सेफट्रॅव्हल’. इशारे पिवळा, नारिंगी, लाल असे चढत जातात. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतात, त्याला ३.६ नं गुणा. २० म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. पंधराच्या पुढे वारा असेल तर मूल घेऊन लांबच्या रस्त्याला लागू नका. नारिंगी इशारा असेल तर शहरातच थांबा, पैसे भरलेले असले तरीही.

गाडीचं दार नेहमी हातानं घट्ट धरून उघडायचं. वाऱ्यानं दार उलटं फिरून बिजागरीतून निघतं, आणि हे नुकसान भाड्याच्या विम्यात बहुधा बसत नाही. मुलांच्या बाजूचं दार मोठ्यांनीच बाहेरून उघडावं. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे आणि त्याचं ॲप आधीच फोनवर घेऊन ठेवावं.

दिवसाची घडी

आठला उठणं-नाश्ता, सव्वानऊला अंधारातच निघणं, ठिकाणावर पोचताना उजाडणं. उजेडात एक मोठी गोष्ट आणि वाटेत जमली तर एक छोटी. दोनला परतीला लागायचं, मूल गाडीत झोपतं. साडेचारला तलाव, सहाला जेवण. कागदावर हे आळशी दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक उतरण्या-चढण्याला कपड्यांची पंधरा मिनिटं लागतात, आणि बर्फात एक खड्डा खणण्यात मूल जो अर्धा तास घालवतं तो धबधब्याइतकाच त्याच्या आठवणीत राहतो. तो अर्धा तास वेळापत्रकात आधीच मोकळा ठेवलेला असावा.

जमिनीखालची आग दाखवताना

या सहलीचा गाभा हाच आहे, आणि आपल्या मुलांना तो समजावणं सोपं आहे, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाचाच बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे थर म्हणजे आपला सह्याद्री. जाण्याआधी एखाद्या रविवारी मुलाला अंधेरीची गिल्बर्ट हिल दाखवा: थंड होताना लाव्हाला भेगा पडून झालेले ते उभे दगडी खांब. मग रेक्याविकचं हाटलग्रिम्सकिर्क्या चर्च बघताना त्याच्या दर्शनी भागातले, बेसाल्टच्या खांबांसारखे घडवलेले काँक्रीटचे खांब मूल स्वतःच ओळखेल. पुणे-नाशिककडची मुलं घाटातल्या काळ्या दगडातली बारीक भोकं आणि त्यांत भरलेली पांढरी चमकदार खनिजं ओळखतात. ती भोकं म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. आइसलँडच्या ताज्या लाव्हात तीच भोकं रिकामी दिसतात, कारण खनिजं साचायला वेळच मिळालेला नाही. दगड हातात घेऊन बघायचा आणि तिथेच ठेवायचा. घरी आणायचा नाही.

पहिला मोठा दिवस ‘गोल्डन सर्कल’चा: थिंगवेट्लिर, गेसिर आणि गुल्फोस. थिंगवेट्लिरला उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरनं दूर जात आहेत, आणि त्या ताणानं पडलेल्या दरीतून चालायला रुंद वाट आहे. इथेच इ.स. ९३० मध्ये त्यांची लोकसभा, आल्थिंग, भरायला लागली. मुलाला दोन सेंटीमीटर पट्टीवर दाखवा, आणि त्याच्या वयानं गुणायला सांगा. त्याच्या जन्मापासून जमीन किती सरकली हे त्याला लगेच कळतं.

गेसिरच्या माळावर स्ट्रोक्कुर हे कारंजं दर सहा ते दहा मिनिटांनी उडतं. बहुतेक लोक मोबाइल वर धरून आकाशाकडे बघत असतात. मुलाला खाली बघायला सांगा. कुंडातलं पाणी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं, एकदा कडेपर्यंत येतं, परत ओसरतं, आणि मग मधोमध एक निळा घुमट फुगतो. तो अगदी क्षणभरच असतो. आतली वाफ त्याला फोडते आणि पंधरा-वीस मीटरचा खांब उभा राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मूल स्वतःच ‘आता!’ म्हणून ओरडतं. वारा कुठून येतोय ते बघून त्याच बाजूला उभं राहा, म्हणजे फवारा अंगावर येत नाही. इथलं पाणी ८० ते १०० अंशांचं असतं आणि ओढ्यातून वाहत जाताना ते अगदी निरुपद्रवी दिसतं. दोरीच्या अलीकडेच राहायचं, ओढ्यात बोट घालायचं नाही आणि हात सोडायचा नाही. वाट फवाऱ्यानं भिजून गोठते, म्हणून बुटांचे काटे इथे लावाच. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याची कुंडं बघितलेल्या मुलांना गरम पाण्यात पाय सोडायची सवय असते. इथे तसं नाही, हे गाडीतून उतरायच्या आधीच सांगून ठेवा.

गुल्फोस ३२ मीटरचा, दोन टप्प्यांत कोसळणारा धबधबा आहे. हिवाळ्यात खालची वाट बऱ्याचदा बंद असते. वरच्या कठड्यावरून दहा मिनिटं पुरतात. दुपारचं जेवण रेकहोल्ट गावातल्या फ्रिदहेमार या टोमॅटोच्या काचघरात घ्या, जागा आधी राखून ठेवा. बाहेर बर्फ आणि आत भूगर्भातल्या उष्णतेवर वाढणारे वेल, परागीभवनासाठी सोडलेल्या बंबलबी जातीच्या माश्या आणि टेबलावर टोमॅटोचं सूप. शाकाहारी कुटुंबांची इथे चंगळ होते.

फुरसत असेल तर क्रिसुविकजवळच्या सेल्तूनला अर्धा दिवस द्या. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खदखदणारा करडा चिखल जवळून बघता येतो. फळ्यांवरून पाय खाली ठेवायचा नाही. बाजूची माती पातळ पापुद्र्याची असू शकते.

चालू उद्रेकांबद्दल. राजधानीजवळच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून पुन्हा उद्रेक सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे गाव रिकामं करावं लागलं आणि त्याच डिसेंबरात तिथल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला. त्यानंतरही उद्रेक होत राहिले आहेत. त्यानं सगळा देश बंद पडत नाही. रेक्याविक आणि विमानतळ बहुतेक वेळा नेहमीसारखे चालू असतात. पण मुलांना उद्रेकाच्या जागी नेऊ नका. लाव्हातून निघणारे जड वायू जमिनीलगत साचतात आणि लहान मुलाचं नाक जमिनीच्या जवळ असतं. २०२२ च्या उद्रेकाच्या वेळी पोलिसांनी बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे जायला बंदीच घातली होती. खरा वितळलेला लाव्हा दाखवायचा असेल तर ‘लाव्हा शो’ नावाचा प्रयोग व्हिक आणि रेक्याविक इथे होतो. खरा दगड वितळवून तो प्रेक्षकांसमोर उतरणीवर ओततात, त्याची धग चेहऱ्यावर जाणवते. तिकीट महाग आहे, पण पैसे वसूल होतात.

दक्षिण किनाऱ्यावर सेल्यालँड्सफोस आणि स्कोगाफोस हे प्रत्येकी साठेक मीटरचे धबधबे आहेत. पहिल्याच्या मागून जाणारी वाट गोठते आणि बंद ठेवतात. रेनिस्फ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्याबद्दल मात्र फार गंभीरपणे सांगायचं आहे. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट बरीच आत येते आणि माणसाला ओढून नेते. इथे अनेक पर्यटकांनी जीव गमावला आहे. आपली मुलं दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर लाटांशी पळापळ खेळत मोठी होतात, आणि तोच खेळ ती इथे सुरू करतात. धोक्याचे दिवे बघा, पाण्याकडे पाठ करू नका, मूल कडेवर किंवा हाताला धरूनच वरच्या भागात उभे राहा. चार-पाच वर्षांचं चपळ मूल असेल तर मी हा किनारा सरळ गाळेन आणि व्हिक गावातून तिथले समुद्रातले खडक लांबून दाखवेन.

संध्याकाळचा तलाव

मुलांच्या दृष्टीनं सहलीतली सगळ्यात आवडती जागा बहुधा हीच ठरते. जवळजवळ प्रत्येक गावात सार्वजनिक, उघड्यावरचा, गरम पाण्याचा तलाव असतो. रेक्याविकमधला लौगार्दाल्सलौग सगळ्यात मोठा आहे, त्यात घसरगुंडी आहे आणि लहानांसाठी उथळ कोमट भागही. तिकीट ब्लू लगून या पर्यटकांच्या प्रसिद्ध गरम पाण्याच्या तलावाच्या कितीतरी पटीनं स्वस्त, आणि भोवती सगळी स्थानिक कुटुंबं.

रीत अशी. चपला-बूट कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर काढायचे. आत बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा. कपडे कप्प्यात ठेवून, पोहण्याचा पोशाख न घालता, साबण लावून आंघोळ करायची आणि मगच पोशाख चढवायचा. पाण्यात क्लोरीन कमी असल्यानं हा नियम कडक पाळतात. आपल्याला सुरुवातीला संकोच होतो, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. बऱ्याच ठिकाणी पडदा किंवा दार असलेला एखादा शॉवर असतो, तो विचारून घ्या. मुलांना हे सगळं घरीच सांगून ठेवा. परत येताना कप्प्यापाशी जाण्याआधी अंग कोरडं करायचं.

मग दार उघडून बर्फाळ हवेत उघड्या अंगानं पाण्यापर्यंत पळायचं. हे दहा सेकंद मुलं वर्षभर सांगत राहतात. गरम कुंडांवर तापमानाच्या पाट्या असतात. ४० अंशांच्या पुढच्या कुंडात लहान मुलांना उतरवू नका, ३६-३८ अंशांचं पाणी त्यांना पुष्कळ झालं. दहा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस असावंच लागतं. निघताना केस पूर्ण वाळवून टोपी घाला.

ब्लू लगूनला जायचंच असेल तर दोन वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आठ वर्षांपर्यंतच्यांना हातावरचे फुगे लावावे लागतात, आणि उद्रेकाच्या काळात ते अचानक बंद होतं. पाणी दुधाळ असल्यानं तळ दिसत नाही, म्हणून मुलावरून नजर हटवता येत नाही. ‘स्काय लगून’ हा तसाच दुसरा तलाव बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे.

नॉर्दर्न लाइट्स

लागतं काय, तर अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याकडून आलेल्या कणांचा जोर. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ढगांचा नकाशा असतो. त्यात पांढरा भाग म्हणजे मोकळं आकाश. मुलांना घेऊन रात्री दहा ते एकच्या बससहलीला जाण्याआधी दोनदा विचार करा. त्याऐवजी वेळेतल्या फरकाचा फायदा घ्या. पहाटे चारला मूल जागं झालंय, आकाश मोकळं आहे, तर त्याला पूर्ण कपडे घालून शहरातल्या एखाद्या काळोख्या किनाऱ्याशी न्या. ग्रोटा दीपगृहाचा परिसर जवळचा आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या दोन रात्री तर शेतघरात राहिल्यास दारातूनच आकाश दिसतं.

अपेक्षा आधीच नीट बांधा. फोटोतला झगझगीत हिरवा रंग कॅमेऱ्याला दिसतो. डोळ्यांना अनेकदा फिकट, राखाडी-हिरवा पट्टा दिसतो. प्रकाश जोरात आला तर तो हलतो, लपेटतो, आणि मग कुणाला काही सांगावं लागत नाही. नाही दिसला तर पेर्लान संग्रहालयात त्यावरचा तारांगण-प्रयोग आहे.

नाताळात गेलात तर

तिथे मुलांसाठी सांताक्लॉजच्या जागी तेरा खट्याळ भाऊ आहेत. १२ डिसेंबरपासून रोज रात्री एकेक डोंगरातून येतो, तेरावा २४ तारखेला. मुलं खिडकीत बूट ठेवतात. शहाण्याला खाऊ, त्रास देणाऱ्याला बटाटा. एकजण स्कीर हे दह्यासारखं घट्ट पक्वान्न फस्त करतो, एक चमचे चाटतो, एक दारं आपटतो. त्यांची आई ग्रिला राक्षसीण, आणि नाताळाला नवा कपडा न मिळालेल्याला खाणारं एक प्रचंड मांजर. तुमच्या मुलालाही खिडकीत बूट ठेवू द्या, आणि खाऊ घरून नेलेला असू द्या. राजगिऱ्याची वडी चालते.

व्यवहाराची बाजू: २४ डिसेंबरच्या दुपारपासून २५ पर्यंत जवळजवळ सगळं बंद असतं, ३१ च्या दुपारपासून १ तारखेलाही तसंच. २३ तारखेला किराणा भरून ठेवा, आणि तलावांच्या त्या दिवसांतल्या वेळा आधी तपासा. ३१ च्या रात्री सगळं शहर आतषबाजी करतं. फटाके बचावपथकांचे स्वयंसेवक विकतात, त्यावर त्यांचं वर्षभराचं काम चालतं. दिवाळीत वाढलेल्या मुलांनाही तो आवाज फार होऊ शकतो. कानावरचे संरक्षक जवळ ठेवा. संध्याकाळी वस्त्यावस्त्यांतून पेटणाऱ्या सार्वजनिक शेकोट्या लहानांसाठी जास्त योग्य.

खाणं

बाहेर चौघांचं एक साधं जेवणही खिशाला जड जातं. सकाळचं आणि रात्रीचं घरी, दुपारी डबा. ‘बोनस’ आणि ‘क्रोनन’ ही स्वस्त किराण्याची दुकानं. तांदूळ, पास्ता, बटाटे, दही, ब्रेड, फळं सगळं मिळतं. घरून भाजणी, मेतकूट, पोहे, कोरड्या चटण्या, खाकरे, मसाला न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून सामानात नेता येत नाहीत, म्हणून पेढे, खवा, तूप नको. नाताळात ‘लौफाब्रौद’ मिळते, सुरीनं नक्षी कापून तळलेली पापडासारखी पातळ भाकरी. मुलांना आवडते, पण कशात तळली आहे ते शाकाहारींनी विचारावं. लौगारवात्न गावात तळ्याकाठच्या गरम वाळूत पुरून चोवीस तास भाजलेला राईचा पाव उकरून काढताना दाखवतात, तो बघायला आणि खायलाही थांबा. दिवसभर थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या.

वादळाचा दिवस

आठवड्यात एक तरी येतो, म्हणून आराखड्यात एक दिवस कोरा ठेवा. पेर्लानमध्ये खऱ्या बर्फाची शंभर मीटरची गुहा आहे. ‘व्हेल्स ऑफ आइसलँड’मध्ये देवमाशांच्या पूर्णाकृती प्रतिकृती टांगलेल्या आहेत, खाली झोपून बघता येतात. वारा जरा पडला की त्योर्निन तळ्यावर जा; गरम पाणी सोडून त्याचा एक कोपरा पक्ष्यांसाठी गोठू देत नाहीत, तिथे हंस-बदकं गर्दी करतात. मध्यवस्तीतल्या फुटपाथांखालूनही वापरलेलं गरम पाणी फिरवतात. बर्फ कुठे वितळलाय आणि कुठे नाही, हे शोधत चालायला लावलं तर मूल दोन किलोमीटर सहज चालतं. अर्नारहोट्ल टेकाडावर प्लॅस्टिकची घसरपट्टी घेऊन गेलात तर तासभर बघायला नको.

विमानतळ केफ्लाविकला, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि वादळात तो रस्ताही बंद होतो. परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र तिकडेच काढा, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी घरी एक मोकळा दिवस राहील अशा बेतानं तिकीट घ्या.